बडोद्यातल्या मंडळाचं कपाट: धंदा, डिझाइन, वारसा... पुस्तकं निवडायची कशी?

रावपुरेकर

नमस्कार मंडळी,

बडोद्यात दांडिया बाजाराजवळ आमचं एक छोटं वाचक मंडळ आहे. एका सभासदाच्या घरी बाहेरच्या खोलीत लोखंडी कपाट, तेच आमचं ग्रंथालय. कथा, कादंबऱ्या, नाटकं आणि जुने दिवाळी अंक यांनी ते गच्च भरलंय. आमच्यातल्या एक आजी वारल्या, त्यांच्या मुलांनी त्यांच्या नावानं मंडळाला ३०,००० रुपये दिले. अट एकच: कथा-कादंबरी नको, कामाची पुस्तकं घ्या.

झालं. कामाची म्हणजे कुठली यावरून जुंपली. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, ज्यांची शेड आहे ते म्हणतात धंद्यावरची घ्या. दोन मुली इंटिरिअरचं शिकतात, त्यांना डिझाइनची हवीत. आमचे निवृत्त शिक्षक म्हणतात, बडोद्यात राहून वारशावर एक धड पुस्तक कपाटात नाही ही लाज आहे. शेवटी कोणीतरी तोडगा काढला, दहा-दहा हजार वाटून घ्या. मला ते काही पटत नाही, पण दुसरं सुचतही नाही.

यादी नकोय. याद्या पैशाला पासरी मिळतात. दुकानात उभं राहून पुस्तक हातात घेतलं की बघायचं काय, ते सांगा. मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी सगळं चालेल.

खतावणी

धंद्याच्या पुस्तकांपुरतं बोलतो. उभा जन्म लोकांच्या वह्या लिहिण्यात गेला, त्यामुळे नजर थोडी वाकडीच आहे.

पहिलं म्हणजे पुस्तक प्रथम कधी छापलं ते बघा आणि त्यात ज्या कंपन्यांची आरती ओवाळली आहे त्यांचं पुढे काय झालं ते मोबाइलवर तिथल्या तिथे शोधा. १९८२ साली अमेरिकेत निघालेल्या एका अतिशय गाजलेल्या पुस्तकात अटारी (व्हिडिओ गेमवाली) आणि वँग (संगणकवाली) या कंपन्या आदर्श म्हणून होत्या. अटारी दोन वर्षांत कोसळली आणि तुकड्यांत विकली गेली, वँगनं १९९२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. पुस्तक अजून खपतं. म्हणजे ते वाचूच नये असं नाही, पण 'यशाची सूत्रं' म्हणून वाचू नये. त्यात फक्त जिंकलेले असतात. तीच सूत्रं पाळून बुडालेले कुठे गेले, हे लेखक विचारत नाही, कारण बुडालेला माणूस मुलाखत द्यायला बसत नाही.

दुसरं, पुस्तकात उधारी आहे का बघा. खरंच सांगतो. पुस्तक उघडा आणि माल दिल्यापासून पैसे हातात येईपर्यंतच्या दिवसांबद्दल काही लिहिलंय का ते शोधा. आपल्याकडची बहुतेक छोटी शेड ऑर्डर नसल्यामुळे बंद पडत नाही, पैसे अडकल्यामुळे पडते. २००६च्या कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करायला हवं. कायदा आहे. मकरपुऱ्यात जाऊन विचारा किती जणांना ४५ दिवसांत मिळतात. ज्या पुस्तकात 'दृष्टी', 'झेप', 'मानसिकता' हेच शब्द पानोपानी आहेत आणि खेळतं भांडवल एकदाही नाही, ते धंद्याचं पुस्तक नाही, प्रवचन आहे. प्रवचन फुकट ऐकायला मिळतं.

तिसरं, लेखकाचा मुख्य धंदा कुठला? कारखाना चालवून मग पुस्तक लिहिलंय की पुस्तक लिहून शिबिरं चालवतोय?

ताम्रपट

धागा चांगला आहे. वारशाच्या पुस्तकांसाठी माझी पद्धत सोपी आहे. जे तुम्हाला स्वतःला पक्कं माहीत आहे त्या पानावर जायचं आणि लेखक तिथे काय म्हणतो ते बघायचं.

बडोदेकरांसाठी लक्ष्मीविलास राजवाडा ही उत्तम कसोटी. 'बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट' हे वाक्य पुस्तकात आहे का? असेल तर पुढचा प्रश्न: काय चौपट? इमारत की सगळं आवार? लेखक हे सांगत नसेल तर त्यानं ते कुठूनतरी उचललंय, आणि बाकीचं पुस्तकही तसंच उचललेलं असणार. मग वास्तुविशारद बघा. काम सुरू केलं मेजर चार्ल्स मँटनं. तो १८८१ मध्ये वारला आणि रॉबर्ट चिझमनं १८९० पर्यंत ते पुरं केलं. अर्धी पुस्तकं मँटच्या मृत्यूच्या ऐकीव गोष्टी रंगवून सांगतात आणि चिझमचं नावच घेत नाहीत.

दुसरी कसोटी तांबेकर वाडा. बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा हा वाडा, आता पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. भिंती, दारं, छत सगळीकडे चित्रं. पौराणिक प्रसंग आहेत तशी इंग्रज-मराठा लढाईचीही आहेत. पुस्तकात नुसतं 'सुंदर भित्तिचित्रे' असेल तर लेखक आत गेलेला नाही. कुठल्या भिंतीवर काय, कुठला भाग ओलीनं गेलाय, हे असेल तर पुस्तक घ्या, किंमत बघू नका.

शिवाय मागची पानं. संदर्भसूची आणि नामसूची नसलेलं इतिहासाचं पुस्तक मी घेत नाही. 'जाणकारांच्या मते' असं लिहिणाऱ्यांचा तर फारच राग येतो. कोण जाणकार? नाव सांग की.

अवांतर: ज्यांना संस्कृतची थोडी गोडी आहे त्यांनी गायकवाड ओरिएंटल सिरीज विसरू नये. १९१६ पासून बडोद्यातूनच निघालेली. भोजराजाचा समरांगणसूत्रधार त्याच मालेत छापला गेला. नगररचना, घरं, यंत्रं सगळं त्यात आहे. म्हणजे तुमच्या डिझाइनवाल्या मुलींनी वारशाच्या कपाटाकडे नाक मुरडायचं कारण नाही.

चिमणी

वाचनखूण साठवली आहे. माझ्याकडेही भेट आलेली 'यशस्वी व्हा' छाप बरीच पडलीत. रद्दीवालाही भाव करत नाही. :)

रेघोटी

ताम्रपट, नाक कोणी मुरडत नाहीये हो! :)

मी इथल्याच विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत शिकलेली. आता फर्निचर आणि दुकानांच्या पाट्यांची कामं करते. डिझाइनच्या पुस्तकांत सगळ्यात जास्त फसवणूक होते, कारण फोटो सुंदर असतात आणि माणूस विरघळतो. मी दुकानात काय करते ते सांगते.

पुस्तक बरोबर मधोमध उघडायचं आणि टेबलावर सोडून द्यायचं. आपोआप मिटत असेल तर ते नुसतं डिंकानं चिकटवलेलं आहे. मंडळाच्या कपाटात दहा हातांतून गेलं की पानं सुटणार. कण्याकडच्या बाजूनं बघितलं की फॉर्म, म्हणजे पानांचे जुडगे, शिवलेत का ते दिसतं. शिवलेलं असेल तर दोनशे रुपये जास्त पडले तरी घ्या.

मग फोटोखालचा मजकूर. वस्तू कशाची आहे, केवढी आहे, कधीची आहे, कोणी केली? ही चार उत्तरं मिळाली तर पुस्तक कामाचं. खुर्चीचा पानभर फोटो आणि खाली 'पारंपरिक सौंदर्याचा आविष्कार', तर मला त्यातून काही बनवता येत नाही. उंची किती, बैठक जमिनीपासून कितीवर, पाय कसा जोडलाय? एक साधं मोजमापासह काढलेलं रेखाचित्र दहा फोटोंना भारी. आणखी एक चीड: छायाचित्रकाराचं नाव मोठ्या अक्षरांत आणि ज्यानं ती वस्तू घडवली तो 'एक स्थानिक कारागीर'. अशी पुस्तकं मी परत ठेवते, कितीही देखणी असोत.

आता पैसे न घालता काय वाचायचं ते. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्यानं भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला. त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची एनआयडी ही राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. अहवाल छोटासा आहे, इंटरनेटवर मोफत मिळतो. त्यात आपल्या साध्या तांब्याबद्दल जो भाग आहे तो मुलींना वाचायला द्याच. पाणी किती मावावं, उचलणारा हात केवढा, डोक्यावर न्यायचा की कमरेवर, भरलेला असताना तोल कुठे आणि रिकामा असताना कुठे, ओतताना धार कशी, घासायला हात आत जातो का, किंमत काय, आवाज कसा येतो... एकेक प्रश्न विचारत जातात. दुकानात उभी असताना मी हेच प्रश्न मनात धरते. पुस्तक वस्तूला असे प्रश्न विचारत असेल तर ते डिझाइनचं. नाहीतर ते टीपॉयवर ठेवायचं.

परदेशी पुस्तकं महाग पडतात, त्यात २०१९च्या अर्थसंकल्पात आयात पुस्तकांवर ५ टक्के सीमाशुल्क बसलं. त्यामुळे ती आधी विद्यापीठाच्या हंसा मेहता लायब्ररीत किंवा आमच्या फॅकल्टीतल्या कोणाकडे बघून घ्या, मगच मागवा.

वर्गांक

उशिरा आलो. सेवानिवृत्त ग्रंथपाल आहे, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

रावपुरेकर, तुम्हाला दहा-दहा हजारांची वाटणी पटत नाही ते बरोबरच आहे. धंदा, डिझाइन, वारसा हे कप्पे ग्रंथालयाच्या सोयीसाठी असतात. वाचकाचा प्रश्न असा कप्प्यात बसून येत नाही. उदाहरण आपल्या शेजारच्याच संखेडा गावाचं घेतो, तिथल्या लाखेच्या फर्निचरचं. ग्रंथालयात पुस्तकं विषयाच्या आकड्यांनी लावतात त्या ड्यूई दशांश पद्धतीनं संखेड्याच्या फर्निचरवरचं पुस्तक कुठे जाईल? शोभेच्या अंगानं लिहिलं असेल तर ७४९. सुतारकामाच्या अंगानं असेल तर ६८४. उद्योग म्हणून अर्थकारण मांडलं असेल तर ३३८. दुकान कसं चालवावं याचं असेल तर ६५८. मोठ्या ग्रंथालयात हे चार कप्पे चार वेगळ्या दालनांत असतात, आणि संखेड्यातला खराडी (लेथवर लाकूड कातणारा कारागीर) मात्र एकाच ओट्यावर बसून चारही कामं करतो.

म्हणून माझी सूचना अशी की विषयांना पैसे वाटू नका. बडोद्याच्या आसपासच्या दोन-तीन गोष्टी धरा आणि प्रत्येक गोष्टीवर तिन्ही अंगांनी काय मिळतं ते शोधा.

सगळ्यात चांगली गोष्ट मला दिसते ती राजा रविवर्म्याच्या छापखान्याची. सयाजीरावांनी त्याच्याकडून राजवाड्यासाठी १४ पौराणिक चित्रं करून घेतली, हे बडोद्यातलं पोर सांगेल. पण रविवर्म्याची चित्रं छापून घरोघरी पोचवावीत ही कल्पना पत्रातून मांडली ती बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव यांनी. १८९४ मध्ये मुंबईत छापखाना निघाला, जर्मनीहून यंत्रं आणि तंत्रज्ञ आले, मग तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. रंगीत शिळाछापात एकेका रंगाचा दगड वेगळा, म्हणजे एका लक्ष्मीच्या चित्रासाठी दगडांची चळत लागायची आणि प्रत्येक दगड कागदावर नेमका त्याच जागी बसायला हवा. भांडवल एवढं अडकलेलं की शेवटी छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. आता सांगा, याला वारसा म्हणायचं, डिझाइन म्हणायचं की खतावणी म्हणतात ती उधारी? आणि याच छापखान्याशी पुढे ज्यांचा संबंध आला ते दादासाहेब फाळके १८९० मध्ये शिकायला बडोद्याच्या कलाभवनात आले होते.

कलाभवन हीसुद्धा तशीच गोष्ट. १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जर यांनी ते सुरू केलं तेव्हा रंगकाम, सुतारकाम, चित्रकला, यंत्रकाम एकाच छपराखाली होतं. गज्जर पुढे १९०७ मध्ये अॅलेम्बिकच्या स्थापनेत होते. १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा निघाली. शिक्षण, कारखाना आणि बँक अठरा वर्षांत, एकाच गावात. या तिन्हींवर सुटी सुटी पुस्तकं आहेत, पण ती एकत्र ठेवून वाचणारा मला कारकिर्दीत क्वचितच भेटला.

खतावणी

वर्गांककाका, दंडवत. पण एक शंका राहतेच. ज्याची शेड आहे, ज्याला सोमवारी पगार करायचेत, त्याला रविवर्म्याचे दगड मोजून काय मिळणार? 'कामाची पुस्तकं' अशी अट आहे. माझ्या अशिलांपैकी एकालाही हे वाचायला लावलं तर तो मला चहा पाजून वाटेला लावेल.

वर्गांक

शंका रास्त आहे. माझं उत्तर असं, की त्याला रविवर्म्याचा छापखाना नकोच असेल तर देऊ नका. कॉस्टिंगचं, म्हणजे मालाचा खर्च काढायचं पाठ्यपुस्तक द्या. त्याला मी नाही म्हटलेलं नाही. पण 'उद्योजकाची झेप' या नावाखाली जे मिळतं त्यापेक्षा बुडालेल्या छापखान्याची खरी हकिगत त्याला जास्त शिकवेल. कुठे पैसा अडकला, कुणाच्या कसबावर धंदा उभा होता, तो माणूस गेल्यावर काय झालं. हे तर तुमचेच निकष आहेत.

रेघोटी

खतावणीदादा, संखेड्याचंच बघा ना. सागाचा पाय लेथवर फिरतो, त्यावर लाखेची कांडी धरतात, घर्षणानं लाख वितळून चढते. नक्षी काढतात ती कथलाच्या लेपानं. त्यावर लाखेचा पारदर्शक थर चढला की तीच नक्षी सोनेरी दिसायला लागते. सोनं त्यात औषधालाही नसतं. मग केवड्याच्या पानानं घासून चकाकी आणतात. आता यातला कुठला टप्पा यंत्रावर नेता येतो, कुठला नेला तर मालाची किंमतच पडते, हा प्रश्न डिझाइनचा की कॉस्टिंगचा? माझ्याकडे गिऱ्हाईक येऊन 'संखेडा स्टाइल' मागतं आणि वर पीयू (पॉलीयुरेथेन) पॉलिश मारून द्या म्हणतं, तेव्हा मला दोन्ही यावं लागतं.

खतावणी

हां, हे समजलं. टप्प्यागणिक खर्च मांडला असेल असं पुस्तक मिळालं तर मी स्वतः वर्गणी घालीन.

पण मग कंपन्यांनी स्वतः काढलेल्या चरित्रांचं आणि रौप्यमहोत्सवी ग्रंथांचं काय? त्यांत संप नसतो, भावांची वाटणी नसते, सगळं गोड गोड. तरी मी ती टाकून देत नाही. जुन्या जाहिराती, दरपत्रकं, पहिल्या यंत्रांचे फोटो दुसरीकडे कुठे मिळत नाहीत. मजकूर सोडा, चित्रं वाचा. किर्लोस्करांचंच घ्या. लोखंडी नांगरानं जमिनीला विष चढतं असं शेतकरी म्हणायचे, आणि त्याच कारखान्यातून १९२० मध्ये निघालेलं छोटं पत्रक पुढे मराठीतलं एक महत्त्वाचं मासिक झालं. जाहिरात खातं साहित्यात शिरलं म्हणा ना. अशी गोष्ट व्यवस्थापनाच्या परदेशी पुस्तकात सापडायची नाही.

राजवाडा_इंदूर

इंदुरातून आदाब. बडोद्याच्या फाइन आर्ट्सचं एवढं कौतुक चाललंय म्हणून आठवण करून देतो, तिथे चित्रकला विभाग घडवणारे ना. श्री. बेंद्रे आमच्या इंदूरचे. इथेच जन्मले आणि इथल्याच देवळालीकरांच्या शाळेत शिकले. सेव उसळ तुमची, बेंद्रे आमचे. :)

धाग्याला धरून एक भर. मंडळात मराठी माणसं वाचणार आहेत तर निर्णयसागर छापखाना ही गोष्ट यादीत घ्या. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत काढला. राणोजी रावजी आरू यांनी घडवलेले त्यांचे देवनागरी टाइप देशभर गेले. अक्षर घडवणं, ते विकणं आणि त्यातून पोथ्या छापणं, सगळं एकाच दुकानात. आमच्याकडे एका जुन्या वाड्यात निर्णयसागरची पंचांगं नि पोथ्या अजून आहेत, टाइप अगदी खणखणीत.

चिमणी

अनुवादांचं काय? आमच्या घरी इंग्रजी फारसं कोणी वाचत नाही. धंद्यावरची मराठी अनुवादित पुस्तकं स्वस्तही असतात.

ताम्रपट

चिमणीताई, अनुवाद जरूर घ्या, फक्त घेताना एक गोष्ट बघा. मूळ पुस्तकातली कोष्टकं, टिपा, सूची अनुवादात आलीत का? बऱ्याचदा पानं वाचवायला हेच आधी कापतात आणि नुसता गोष्टीवेल्हाळ मजकूर उरतो. मूळ पुस्तक ३५० पानी आणि मराठी १६० पानी असेल तर अनुवाद नाही, गोषवारा आहे. श्रेयपानावर मूळ प्रकाशनवर्ष आणि अनुवादकाचं नाव नसेल तर हात लावू नका. 'तिसरी आवृत्ती' आणि 'तिसरं पुनर्मुद्रण' यांतही गल्लत करू नका. आवृत्तीत लेखकानं काही सुधारलेलं असतं, पुनर्मुद्रणात जुन्या चुकाच पुन्हा छापतात.

जुनी मराठी पुस्तकं विकत घेण्याआधी स्कॅन शोधा. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो, नंतर ते पुस्तक सगळ्यांचं. बडोदा संस्थानानं काढलेल्या सयाजी साहित्यमालेतली कित्येक पुस्तकं या हिशेबानं मोकळी झालीत. त्यावर पैसे घालण्यापेक्षा चांगल्या कागदावर मुद्रित करून घ्या.

मांडवीकर

एक व्यवहाराची गोष्ट कोणी बोललं नाही. कपाट तळमजल्यावर आहे का?

२०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शिरलं तेव्हा आमच्याकडे खालचे दोन कप्पे भिजले. साध्या कागदाची पुस्तकं पंख्याखाली उभी करून वाळवली, डाग पडले पण वाचता येतात. आर्ट पेपरवरची चित्रांची पुस्तकं मात्र गेली. त्या गुळगुळीत कागदावर जो थर असतो तो ओला झाला की चिकट होतो, आणि पानं एकमेकांना धरून वाळली की वीट होते, मग सुटत नाहीत. ओली असतानाच प्रत्येक पानात मेणकागद घालायला हवा, किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून थेट फ्रीजरमध्ये टाकायची आणि सवडीनं एकेक काढायचं. डिझाइनची आणि वारशाची महागडी पुस्तकं नेमकी याच कागदावर असतात. ती वरच्या कप्प्यात ठेवा. खाली धंद्याची ठेवा. (खतावणीदादा, रागावू नका.)

खतावणी

खिक्क. बुडालेल्या कंपन्यांची बुडाली तर चालतील.

वर्गांक

मांडवीकरांनी लाखमोलाचं सांगितलं. मांडवीतलं मध्यवर्ती ग्रंथालय आतून पाहिलंय का कोणी? पुस्तकांच्या लोखंडी मांडण्यांच्या रांगा आणि मधल्या मजल्यांची जमीन जाड काचेची, वरचा उजेड खाली झिरपावा म्हणून. पुस्तक कुठे ठेवायचं याचा विचार निवडीइतकाच करावा लागतो, तो तिथे दिसतो.

आणि पैशांबद्दल. सयाजीरावांनी १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला आणलं आणि गावोगावी ग्रंथालयं काढली, हे सगळे सांगतात. मोतीभाई अमीन यांनी ती चळवळ गावात रुजवली. पण त्यातली खरी मेख सांगत नाहीत. गावानं एक हिस्सा गोळा केला तर एक हिस्सा प्रांत पंचायत द्यायची आणि एक हिस्सा सरकार. गावानं पदरचं काही घातलं नाही तर काही नाही. स्वतःचे पैसे घातले की माणूस पुस्तक वाचतो, निदान कुठे गेलं ते विचारतो तरी.

तुम्हीही तेच करा. सभासदाला एखादं पुस्तक हवं असेल तर तिसरा हिस्सा त्यानं घालावा, तिसरा मंडळानं, तिसरा आजींच्या निधीतून. तीस हजारांचे नव्वद होतील आणि 'छान आहे, घ्या' म्हणून हात वर करणारे आपोआप कमी होतील.

रेघोटी

काका, कल्पना आवडली, पण शिकणाऱ्या मुलींकडे तिसरा हिस्सा कुठून येणार? डिझाइनचं एक परदेशी पुस्तक चार-पाच हजारांना पडतं. अशानं ज्याच्या खिशात पैसे त्याचीच पुस्तकं कपाटात येतील.

वर्गांक

खरं आहे. मुलींचा हिस्सा कामात धरा. पुस्तकांना कव्हर घालणं, नोंदवही ठेवणं, नवं पुस्तक आलं की बैठकीत अर्धा तास त्यावर बोलणं. गावातले लोकही पैसा नसेल तेव्हा खोली द्यायचे.

रावपुरेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल बैठकीत हा धागा मोठ्यानं वाचून दाखवला. ठरलं ते असं.

दहा-दहा हजारांची वाटणी रद्द. पहिल्या खेपेला तीन गोष्टी: संखेडा, रविवर्म्याचा छापखाना आणि कलाभवन ते बँक. प्रत्येकीवर जे मिळेल ते, ताम्रपटांच्या ओळखीच्या पानाची परीक्षा घेऊन. निर्णयसागर पुढच्या खेपेला, इंदूरकरांचा मान राखून. धंदेवाल्यांसाठी कॉस्टिंगचं एक पाठ्यपुस्तक लगेच. निधीतले दहा हजार मुद्दाम हातात ठेवतोय, कारण पहिली पुस्तकं वाचून झाल्यावर काय हवं ते आत्ता कळणार नाही. हिश्शांची पद्धत मान्य, मुलींचा हिस्सा कामात.

एक भांडण मिटलेलं नाही. आमच्या शिक्षकांना राजवाड्यावरचं एक मोठं चित्रमय पुस्तक हवंच आहे. कसोट्या लावल्या तर ते सपशेल नापास होतं. चौपट आहे, चिझम नाही, सूचीही नाही. पण म्हणतात, फोटोंतल्या काही खोल्या आपल्याला एरवी कधी बघायला मिळणार? यावर कोणापाशी उत्तर नव्हतं.

ताम्रपट

जुन्या बाजारात अर्ध्या किमतीत मिळालं तर घ्या. आणि पहिल्याच कोऱ्या पानावर पेन्सिलनं चिझमचं नाव आणि १८९० लिहून ठेवा.

खतावणी

कॉस्टिंगच्या पुस्तकाची मागची आवृत्ती घ्या, अर्ध्या पैशांत मिळेल आणि काही बिघडत नाही. कराच्या पुस्तकाला मात्र हे लागू नाही. त्याची चालू वर्षाचीच आवृत्ती घ्यावी लागते आणि वर्षात ती शिळी होते, तेव्हा मंडळानं त्याच्या वाटेला जाऊच नये.

पावती मंडळाच्या नावानं करून घ्या. छापील पुस्तकांवर जीएसटी नसतो. दुकानदारानं लावला असेल तर काउंटरवरच दाखवून बिल दुरुस्त करून घ्या, घरी आल्यावर भांडत बसू नका.

मांडवीकर

संखेड्याला जायचं ठरलं तर सांगा, गाडी माझी. चौघं बसतील.